गालाला लागणारा वारा

परवा एका सुताराच्या दुकानावरून जाताना उकळत्या सरसाचा वास आला आणि आमचं घडियाळी पोळमधलं घर आठवलं. महाराजांच्या गायनशाळेमुळे तेव्हा बडोद्यात पेटी शिकणारे फार वाढले होते. वडील पुढच्या खोलीत बाजाच्या पेट्या जुळवत, आणि आई चुलीपाशी बसून कातडं सरसाने चिकटवून त्या पेट्यांचे भाते करी. भाता वाळला की माझ्या गालाशी धरून दाबायची आणि विचारायची, “वारा लागतो का गं?” लागला, तर तिथे पुन्हा सरस. पुढे मागणी पुरी होईना, तेव्हा वडिलांनी मुंबईहून एक तयार भाता आणवला. “असेच मागवले तर नुसते स्क्रूने बसवायचे. पण तू पारखून सांग,” ते आईला म्हणाले. आईने तो नेहमीसारखा माझ्या गालाशी दाबला. वारा मुळीच लागला नाही. तरी मी म्हटलं, “लागला.” मग आईने तो स्वतःच्या गालाशी धरला, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “अहो, चांगला आहे. असेच मागवा.” आणि तिने सरसाचं भांडं चुलीवरून उतरवलं. परवा त्या दुकानापुढे मी कितीतरी वेळ उभी होते, गाल जरासा पुढे करून.