डिस्क निघेपर्यंत थांबणारे दाजी

आक्काचा फोन सकाळी आला. "तुझे दाजी गेले रे," ती म्हणाली, "आन् कॉम्प्युटर चालूच हाय. मी कुणाला हात लावू दिला न्हाई." अशा वेळी बहिणीला कॉम्प्युटर का आठवावा, हे बीडहून आष्टीकडे जाताना मला हळूहळू उमगत गेलं.

दाजी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या गावातली बरीच घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात. फडात फोन फुटतो, हरवतो, आणि त्याच्याबरोबर लग्नाचे, बारशाचे, वारलेल्या आईचे फोटोही जातात. म्हणून निघण्याआधी माणसं दाजींच्या ओसरीवर येत आणि दाजी ज्याचे त्याचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ठेवत. त्या फोटोंना ते 'अमानत' म्हणत.

एका वर्षी मी त्यांच्या मदतीला बसलो होतो. बीडची एसटी गाठायची होती. एका बाईचे फोटो उतरले, पडद्यावर काम पूर्ण दिसलं, म्हणून मी डिस्कच्या केबलला हात घातला.

"ओ पाव्हणं! हात मागं!" दाजी ओरडले.

"झालं की दाजी, शंभर टक्के दिसतंय."

"वर झालं. आत आजून लिहायलंय ते. पंगतीत माणूस शेवटचा घास घ्यायलाय, तवर ताट ओढता का तुमी?"

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. "सर, पाव्हण्यालाच आधी जेवू घाला, म्हंजी घाई करणार न्हाईत."

मी हिशेबी माणूस. म्हटलं, "शंभरदा ओढली तर एखाद्या वेळी बिघडत असेल."

"हिशेब बरोबर हाय तुमचा," दाजी म्हणाले, "पण ज्याचा फोटो गेला, त्याचा शंभर टक्के गेला."

मग त्यांनी कॉम्प्युटरला डिस्क काढायची आज्ञा दिली, परवानगीची पाटी पडद्यावर येईपर्यंत हाताची घडी घालून बसले, आणि मगच केबल काढली. एसटी गेली. मी मुक्काम केला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तो मुक्काम झाला हे बरंच झालं, असं आता वाटतं.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या आणि दोनच दिवसांनी डिस्कसमोर बसलेले असतानाच दाजींच्या छातीत दुखू लागलं. डिस्क तशीच जोडलेली राहिली. तिची दुसरी प्रत नव्हती. माझं सांगून झालं होतं, त्यांचं राहून गेलं होतं. गावाची सगळी अमानत त्या एका डबीत, आणि ती गेली तर लोकांना काय तोंड दाखवायचं, या धास्तीनं आक्का कुणाला जवळ फिरकू देईना. माजघरात दाजींच्या जागी दिवा तेवत होता. आक्का त्यात तेल घालायची आणि उठून डिस्कवर लावलेला टेबलफॅन बघून यायची. कार्तिकाच्या गारठ्यात पंखा!

"आक्का, अशी दिवसरात्र तापवली तर उलट लवकर बिघडेल," मी म्हणालो.

"तेरावं होऊ दे. त्यांनी कधी घाई केली न्हाई, मी कशी करू?"

तेराव्यानंतर मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आज्ञा दिली. उत्तर आलं, डिस्क वापरात आहे, आत्ता काढता येणार नाही. आक्काचा चेहरा उतरला. मी पडद्यावरची एकेक खिडकी बंद करत गेलो. तळाशी एक फोटो उघडा होता, फडावरच्या पाचटाच्या कोपीसमोर उभं एक जोडपं, बाईच्या कडेवर लेकरू. तोही मिटला आणि परवानगी आली. मी हात पुढे केला तर आक्कानं मनगट धरलं. "थांब. डिस्कची बत्ती विझू दे." विझली. तिनंच केबल काढली.

माझ्या लॅपटॉपवर सगळे फोटो उघडले. लगेच दुसरी प्रत केली. मूळ डिस्क बीडला नेतो म्हणालो, तर आक्का म्हणाली, "माणसं फडातून येऊन तुझं घर हुडकत फिरतील का? हितं ठिव. आन् मला शिकव."

परवा संध्याकाळी तिला फोन केला. "मागून बोल," ती म्हणाली. "एकाचा फोन फुटलाय, त्याला पोराच्या बारशाचे फोटू धाडायलेय."

"पाच मिनिटांनी करू का?"

"डिस्क निघाली की मीच करते." फोन बंद.

"काय म्हणाल्या वन्सं?" बायकोनं आतून विचारलं.

"कामात आहे," मी म्हणालो.