पाचव्या मजल्यावरची सनद

करार केल्याशिवाय चहासुद्धा न पिणारा माणूस अख्ख्या दुबईत एकच असावा, आणि तो अल मनखूलमध्ये नेमका आमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर राहतो. नात्यानं ते आमचे कोणी नव्हेत. सगळी इमारत काका म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. रोज पहाटे ते गाडी काढून अबू धाबीतल्या एका सनदी शाळेत नोकरीला जातात. सनदी शाळा म्हणजे काय, हे मी लिफ्टमध्ये इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. इमारत सरकारची, पैसा सरकारचा, पोरांना फी नाही. चालवायला मात्र खासगी संस्था. मास्तर कोण नेमायचे, शिकवायचं कसं, हे बरंचसं तिनं ठरवायचं. बदल्यात ठरलेला निकाल ठरलेल्या मुदतीत दाखवायचा. नाही दाखवला तर सनद रद्द, खलास. "सरकारी शाळा सुधारायची म्हणजे मास्तरचा हात मोकळा सोडायचा," काका सांगतात, "आणि त्याच हातावर घड्याळ बांधायचं." त्या घड्याळाकडे बघत राहणं ही काकांची नोकरी.

नोकरी अबू धाबीत संपली असती तर प्रश्न नव्हता. पण काकांनी घरातलं स्वयंपाकघरही काकूंना सनदेवर दिलं: काय रांधायचं याचं पूर्ण स्वातंत्र्य, आठवड्यातून दोनदा पालेभाजी हे उद्दिष्ट आणि दर तीन महिन्यांनी आढावा. पहिल्याच आढाव्याला काकू शांतपणे म्हणाल्या, "सनद रद्द करा, आणि उद्यापासून तुम्हीच चालवा." काकांनी जागच्या जागी तीस वर्षांची मुदतवाढ दिली.

अशा माणसानं गेल्या वर्षी आपल्या हॉलमध्ये शनिवारचा मराठी वर्ग काढला. गरज होतीच. आमची पोरं मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात, आणि तिकडे आजी-आजोबा फोनवर नुसते "बरं, बरं" करत बसतात. वर्गाची रीतसर सनद झाली. देखरेख करणारे काकाच आणि वर्ग चालवणारेही काकाच, पण दोघांची गल्लत नको म्हणून देखरेखीच्या वेळी ते टाय बांधत आणि शिकवताना काढून ठेवत. जागा दहा होत्या, अर्ज आले सहा, तरी प्रवेशासाठी चिठ्ठ्या काढल्या. आमची सई, वय वर्षं नऊ, म्हणाली, "बट अंकल, एव्हरीबडी गॉट इन." काका म्हणाले, "पारदर्शक कारभाराचं हेच तर यश, बाळ." सनदेतलं उद्दिष्ट एवढंच होतं की वर्षाच्या शेवटी सहापैकी पाच मुलांनी आजी किंवा आजोबांशी फोनवर पाच मिनिटं बोलायचं, आणि त्यात इंग्रजी वाक्य एकही नको. जमलं नाही तर वर्ग बंद. "बंद कशाला, काका?" मी विचारलं. "मग ती सनद कसली?" ते म्हणाले.

शिकवत मात्र असे, की ऐकत राहावं. पुस्तक नाही, पाटी नाही. पोरांना काकूंकडून कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून विकत घ्यायला लावत, एकमेकांशी भांडायला लावत. भांडता आलं की भाषा आली, असं त्यांचं मत. एक दिवस सई माझ्यावर खेकसली, "बाबा, उगाच शहाणपणा नको," आणि कौतुकानं माझे डोळे भरून आले.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून काकांनी इमारतीच्या मल्याळी वॉचमनला बोलावलं. त्याला मराठीचा गंध नाही, आणि हाच त्याचा गुण. ज्याला भाषाच कळत नाही तो पक्षपात काय करणार? इंग्रजी वाक्य ऐकू आलं की त्यानं वहीत फुली मारायची. चौघं पास झाली. पाचवा पहिल्याच मिनिटाला "आय डोन्ट नो" म्हणून गेला. म्हणजे आता वर्ग राहणार की जाणार, हे सगळं सईवर आलं. पुण्याला माझ्या आईला फोन लावला. "आजी, कशी आहेस? जेवलीस का?" सईनं खणखणीत आवाजात विचारलं. पलीकडून आवाज आला, "आय अॅम फाइन, बेटा. आय हॅव ईटन उपमा. हाऊ इज द वेदर इन दुबई?" नातीशी बोलता यावं म्हणून आमच्या मातोश्री सहा महिने, कुणालाही न सांगता, इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जात होत्या. सईनं तीनदा गाडी मराठीवर आणून पाहिली. आजी हटेना. मग आजी गप्प झाली, कौतुकाची वाट बघत. सईनं काकांकडे पाहिलं, वॉचमनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजी, युअर इंग्लिश इज सो गुड."

वॉचमननं फुली मारली.

मी खूप वाद घातला. काका म्हणाले, "परिस्थिती आड आली, हे आमच्या शाळेनं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का?" त्यांनी टाय बांधून सनद रद्द केल्याचं पत्र लिहिलं आणि टाय काढून ते स्वीकारलं. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. मग लिफ्टमध्ये कागद लागला: वर्गासाठी नवा चालक पाहिजे. महिना झाला, अर्ज कुणाचाच नाही. एकदा काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "शनिवारी दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून बसतात हो. कुणी येणार नाही, ठाऊक असतं."

मला फार वाईट वाटलं. जबल अली बंदराच्या गोदामात कंटेनर मोजणारा मी, पण त्याच रात्री अर्ज केला. अट एकच: मास्तर जुनेच नेमणार. चालक बदलला तरी मास्तर राहू शकतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

काकांनी अर्ज ओळ न ओळ वाचला.

"उद्दिष्ट, आजी-आजोबांशी गप्पा. किती मिनिटं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग मुलं नापास झाली हे कळणार कसं?"

"नाही कळणार, काका."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सईनं बरोबर केलं," ते म्हणाले. "टोरांटोला माझा नातू आहे. त्याला मराठी येत नाही, आणि मी इंग्रजीत बोलायचं नाही असं ठरवून बसलोय. दर रविवारी व्हिडिओवर आम्ही एकमेकांना नुसते दिसतो."

त्यांनी अर्जावर सही केली, आणि मुदतीची तारीख मलाच घालायला सांगितली.