गर्मी निघते म्हणे

वर्ध्यात मे महिन्यात एखादी बाई "मले एकाएकी गरम होते" असं म्हणाली तर तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहत नाही. सगळ्यांनाच होतं. मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो कूलरमध्ये पाणी टाकत होता. त्याने आणखी एक बादली ओतली आणि विषय संपवला. छातीतून मानेकडे चढणारी ती वाफ, पाठीवरून ओघळणारा घाम आणि मिनिटभराने उगाच भरणारी थंडी, हे कूलरच्या अखत्यारीतलं प्रकरण नाही, हे त्याला पटवण्यात माझे दोन उन्हाळे गेले. पाळी बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आमचं घर नालवाडीला आणि बाजारात छोटं मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, लेस. साडीला नेमका रंग सापडेपर्यंत बायकांना वेळ असतो आणि वेळ असला की सल्ले असतात. एकीने जवस खायला सांगितलं. एकीने पोळीच्या कणकेत सोयाबीनचं पीठ मिसळायला सांगितलं. एक म्हणाली हे सगळं मनाचं असतं, भजनी मंडळात येत जा. मी त्या सगळ्यांना हसायचे. रोज पेपर वाचते, बारावी झाले आहे, आणि समोरच्या बाईची अक्कल तिच्या तोंडावर काढायची मला खोड आहे. ही खोड आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या जाऊबाईंच्या जिवाशी जो खेळ झाला तो हिच्यामुळेच झाला.

तर अशा शहाण्या बाईला गंडवलं ते आमच्याच एका गिऱ्हाइकाने. कडक इस्त्रीची सुती साडी, मऊ आवाज, मोबाईलवर कसलासा कोर्स केलेला आणि तेवढ्यावर स्वतःला आरोग्य सल्लागार म्हणवणारी. तिच्या पिशवीत पांढरे प्लास्टिकचे डबे असायचे. डब्याला लेबल नाही. आत काय आहे विचारलं तर म्हणाली, अकरा वनस्पती. कोणत्या, तर ते गुरूंचं गुपित. आणि मग ते वाक्य, जे हल्ली नमस्काराच्या आधी म्हणायची पद्धत पडली आहे: "नॅचरल आहे ताई, साइड इफेक्ट झिरो."

नॅचरल तर नाल्याकाठचं बेशरमही असतं. त्याला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी माणूसभर वाढतं, आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. शेळीला जे कळतं ते मला कळलं नाही. मी दोन डबे घेतले.

दुसरा डबा जाऊबाईंसाठी होता. त्या आंजीला, आमच्या गावी असतात. दीर आणि पुतण्या वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला करतात आणि वर्ध्याच्या बाजारात आणतात. जाऊबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. त्यांची पाळी माझ्या आधीच, तीन वर्षांपूर्वी गेली होती. वाफा त्यांनाही यायच्या, पण त्या पदराने मान पुसून निंदण करत राहायच्या. त्या दिवशी त्या ब्लाऊजपीस घ्यायला दुकानात आल्या होत्या. मी डबा पुढे केला.

"मले नको," त्या म्हणाल्या. "आपोआप आलं, आपोआप जाईन."

"घाम पुसत पुसत जिंदगी काढसान काय? जडीबुटी हाय बाई, दवाई थोडीच हाय."

"तू घेऊन राह्यली काय?"

"आजपासून."

"मंग दे." त्यांनी डबा पिशवीत टाकला. त्यांच्या लेखी मी शिकलेली, शहरातली, डॉक्टरांशी धड बोलता येणारी. मला ते आवडायचं.

चूर्ण गोडसर होतं, ज्येष्ठमधासारखं. गुण आला हे नाकारत नाही. महिनाभरात वाफा कमी झाल्या, झोप लागू लागली, आणि मी दुकानात जवसवाल्या बायकांना आणखी जोरात हसू लागले. दोघींना मी ते चूर्ण घ्यायला लावणारही होते, पण त्यांनी घेतलं नाही. त्यांना मी तेव्हा अडाणी म्हटलं.

मग मे महिन्याच्या शेवटी मला पुन्हा पाळी आली. म्हणजे मी तिला पाळी म्हटलं. थोडं थोडं जायचं, दोन दिवस थांबायचं, पुन्हा जायचं. त्या सल्लागार बाईला विचारलं तर तिचा चेहरा फुलला. "गर्मी निघून राह्यली ताई. इतके दिवस साचली होती ना आत. निघू द्या. शरीर तरुण होऊन राह्यलं तुमचं." यावर मला राग यायला हवा होता. मी लाजले. बावन्नाव्या वर्षी, दुकानाच्या गल्ल्यावर बसून लाजले. घरी जाऊन आरशात पाहिलं आणि केस जरा वेगळे बांधले. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण झालं ते असं झालं.

त्याच आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. घरात कोणीतरी जवळ असावं, त्या हळू बोलत होत्या.

"अडचण आली व. तीन वर्षानं. काऊन झालं असन असं?"

"काही नाई बाई, मलेही आली. गर्मी निघते म्हणे. चूर्ण सोडू नका, आता तं गुण येऊन राह्यला."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणाले.

ते वाक्य त्या बाईकडून माझ्याकडे आलं तेव्हा थाप होती. माझ्याकडून आंजीला गेलं तेव्हा त्याला माझ्या बारावीचा शिक्का लागला.

जूनमध्ये मी माझ्या नेहमीच्या बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले. बीपी कधी नव्हतं इतकं चढलं होतं. दुसरं काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं बोलले असं मला वाटलंही नाही, कारण चूर्णाला मी औषध समजतच नव्हते. उठता उठता, जरा ऐटीतच, म्हणाले की चूर्ण तेवढं घेते, त्याने पाळीसुद्धा परत आली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा बसवलं.

चव कशी आहे ते त्यांनी विचारलं, आणि ज्येष्ठमध रोज चमचा चमचा खाल्लं की बीपी वाढू शकतं, हे सांगितलं. बाकीच्या दहा वस्तू काय आहेत ते कोणालाच माहीत नाही. काही वनस्पती शरीरात बायकांच्या हार्मोनसारखं काम करतात, आणि बिनलेबलच्या डब्यात कधीकधी सरळ गोळ्याच कुटून टाकलेल्या असतात. "आणि पाळी परत आली नाहीये," त्या म्हणाल्या. "वर्षभर बंद राहिल्यावर जे जातं ते रक्त असतं. एक थेंब गेला तरी तपासायचं. थांबायचं नाही."

"गर्मी निघते म्हणे," मी म्हणाले. त्या खोलीत, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

माझी सोनोग्राफी झाली, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला गेला. काही निघालं नाही. चूर्ण बंद केल्यावर रक्त थांबलं, बीपी उतरलं. घरातल्या कोणी आणखी घेत असेल तर त्यांनाही सांगा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हो म्हणाले.

सांगितलं नाही. त्या सल्लागार बाईला दुकानातून हाकलताना मला तोंड होतं. चार गिऱ्हाइकांसमोर मी तिचा पार उद्धार केला, आणि बायका म्हणाल्या, तुम्ही बऱ्या सावध. जाऊबाईंना फोन लावायला मात्र तोंड नव्हतं. काय सांगणार होते मी? की मला फसवलं, आणि मी तुम्हाला फसवलं? जन्मभर दुसऱ्यांची अक्कल काढलेल्या बाईला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. दोनदा मोबाईल उचलला आणि खाली ठेवला. एव्हाना त्यांचा डबा संपला असेल, रक्त आपोआप थांबलं असेल, अशी समजूत घातली. श्रावणात एकदा बोललो, ते भेंडीच्या भावाबद्दल. "बाकी बरं हाय ना?" मी विचारलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर मी सुटका करून घेतली.

भाद्रपदात महालक्ष्म्या आंजीच्या घरी बसतात. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक जाऊबाईंचा. त्यात त्या कोणाला हात लावू देत नाहीत. ऐन तरुणपणी त्यांनी या सणापायी दरवर्षी तारखा मोजल्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. आमच्याकडच्या प्रत्येक सुनेला त्या गोळ्या रंगरूपाने ओळखता येतात. मेडिकलवर सण सांगितला की मिळतात, चिठ्ठी लागत नाही. डॉक्टरला विचारायचं नाही, देवीला सांगायचं नाही, आणि याला आम्ही पावित्र्य म्हणतो. पाळी गेल्यावर जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, आता निर्धास्त नैवेद्य करता येते.

जेवणाच्या दिवशी सकाळी वेलदोडे घ्यायला मी फळीवर हात घातला तर डब्यामागे तीच गोळ्यांची पट्टी. अर्धी संपलेली. आधी वाटलं, पुतण्याच्या बायकोची असेल. पण ती मागच्या खोलीत वेगळी बसली होती, तिला अडचण आली होती. तिच्या गोळ्या असत्या तर ती तिथे बसली नसती.

जाऊबाई चुलीपाशी पुरणपोळी उलटत होत्या. मी पट्टी दाखवली. त्यांनी पाहिलं आणि पोळीकडे लक्ष वळवलं.

"नैवेद्य होऊ दे, मंग बोल."

"कधीपासून, बाई?"

"तवापासूनच. मंधात थांबते, पुन्हा लागते. घरात कोणाले नाई माहीत. सणापुरतं थांबलं पायजे म्हणून घेतल्या."

"आणि चूर्ण?"

"संपलं तं त्या डब्यावाल्या बाईकडून दुसरा डबा बोलावला. तूच म्हणलं होतं, सोडू नका."

"मले काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच. "तुले सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या.

मी लगेच दवाखान्यात जाऊ म्हणाले. महालक्ष्म्या उठू दे, त्या म्हणाल्या, आणि माझ्यात त्यांना ओढून नेण्याची हिंमत नव्हती. त्या दिवशी पन्नास पानं उठली. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं त्यांच्या हातचं. मी त्यातलं जेवले. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तुकड्याच्या तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. पिशवी काढावी लागणार होती. तिथले डॉक्टर तरुण होते, पण सरळ बोलणारे. एवढ्या महिन्यांत चूर्णाने हे उगवलं नसावं, ते म्हणाले, हे आधीपासून असेल. चूर्णात काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण रक्त गेलं तो इशारा होता. "साडेतीन महिने का थांबलात? हे घेत राहा असं सांगितलं कोणी?"

खोलीत दीर होते, पुतण्या होता, मी होते.

"बजारातल्या एका बाईनं," जाऊबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दीर सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "असल्या बाईले पायताणानं हाणलं पायजे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. आजार आतच होता, बाहेर पसरला नव्हता. आता त्यांना ठराविक महिन्यांनी तपासणीला न्यावं लागतं, तेही मीच नेते. ओपीडीच्या रांगेत आम्ही तासन्‌तास शेजारी बसतो आणि भाजीच्या भावाबद्दल बोलतो. मी तो विषय अजून काढलेला नाही. त्यांनीही नाही.

यंदाच्या महालक्ष्म्यांना पुतण्याने माझ्यासाठी साडी आणली होती. आलेल्या पाहुण्यांना दीर एकेक करून सांगत होते, "हिच्या नजरेत आलं म्हणून वाचली. शिकलेलं माणूस घरात असलं की असा फायदा होते." मग त्यांनी जाऊबाईंना हाक मारली. जाऊबाई स्वयंपाकातून उठून आल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर माझी ओटी भरायला उभ्या राहिल्या. मी पदर पुढे केला.