बेल्टला लावलेला साबण

ह्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. तोवर तीस वर्षं गाडी त्यांनीच चालवली होती. मी शेजारी बसून डबा आणि पाण्याची बाटली सांभाळायची. आता मी ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन शिकले, लायसन्सही मिळालं, पण भीती काही गेली नाही. नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत. तिच्या फाटकातून गाडी बाहेर काढतानाच तळव्यांना घाम सुटायचा. मांडीवर रुमाल ठेवून मी मधूनमधून स्टिअरिंग पुसत असे.

एकदा मागचं दार खांबाला घासलं. हे शेजारीच बसले होते. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "गाडी विकून टाकू या. रिक्षा आहेत की."

तेव्हापासून गाडीला काहीही झालं की मला वाटायचं, आता गेली. आणि गाडी मला विकायची नव्हती. लेकीला आठवा महिना लागत होता, ती बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि तिला मीच आणणार हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या थंडीत गाडी ओरडायला लागली. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून कर्कश 'चीऽऽ' निघायचं. दहा-पंधरा सेकंदांनी थांबायचं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ह्यांनी वाकून विचारलं, "काय केलंस गं?"

"काही नाही, गारठ्याने होतंय," मी वर न बघताच म्हटलं.

फाटकाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने तो आवाज ऐकला होता. "टेन्शन नका घेऊ ताई, फॅन बेल्ट सुकलाय. गाडी बंद असताना धुण्याचा साबण घासा, एकदम शांत होईल."

मी घासला आणि गाडी खरंच शांत झाली. दोन दिवसांनी पुन्हा ओरडली, मी पुन्हा घासला. मग रोजचंच झालं. ह्यांची अंघोळ चालू असताना जुन्या फडक्यात साबणाची वडी गुंडाळून मी खाली जायची, बॉनेट उघडायची आणि इकडेतिकडे बघत, चोरी करावी तशी, त्या काळ्या पट्ट्यावर साबण फिरवायची. गॅरेजला जायचं म्हणजे ह्यांना सांगणं आलं. त्यापेक्षा साबण बरा वाटला. चीऽऽ बंद झालं होतं, पण त्याच्याखाली एक बारीक घरघर सुरू झाली होती आणि ती इंजिन तापल्यावरही थांबत नव्हती. मला ती ऐकू येत होती. मी काचा वर करून घ्यायची.

लेक भिवंडीला राहते. तिला आणायच्या दिवशी ह्यांची डोळ्याची तपासणी आली आणि जावयाला रजा मिळाली नाही. मी एकटीच गेले. जाताना सगळं ठीक होतं. दुपारी परत निघालो तेव्हा लेक मागच्या सीटवर दोन उशा टेकून बसली होती आणि बाळाच्या लंगोटांविषयी काहीतरी सांगत होती. कामणजवळ गोदामांचा पट्टा लागला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तेवढ्यात बॉनेटखाली काहीतरी फाट्दिशी तुटलं आणि पत्र्यावर दोनदा आपटलं. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. वळणावर स्टिअरिंग फिरवायला गेले तर ते फिरेना. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ओढावं लागलं.

"आई, कसला वास येतोय?"

जळक्या रबराचा वास होता. थांबायला जागा नव्हती. डाव्या बाजूला गोदामाची भिंत आणि उघडं गटार, मागचा ट्रक हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी नुसती पुढे जात राहिले. काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून जात राहिले, हेच खरं.

"आई, गाडी बंद कर!" लेक ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

पुढे टेम्पो दुरुस्त करणारं एक गॅरेज दिसलं. त्याच्या मोकळ्या जागेत मी गाडी कशीबशी घातली आणि चावी काढली. मागचं दार उघडून लेकीला हात देऊन उतरवलं.

गॅरेजवाले साठीच्या पुढचे, पापडी गावचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. त्यांनी गाडीकडे नाही, आधी लेकीकडे पाहिलं. "पोरीला पंख्याखाली बसवा. आदी पानी द्या तिला."

लेक बसली, पाणी प्यायली आणि हळूच मला म्हणाली, "आई, मगाशी दोनदा पोट आवळल्यासारखं झालं."

तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावताना नंबर तीनदा चुकला. त्या म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपवा, तासभर लक्ष ठेवा, कळा ठरावीक वेळाने यायला लागल्या तर थेट जवळचं हॉस्पिटल गाठा. गॅरेजमागच्या खोलीत एक खाट होती, तिच्यावर लेकीला झोपवलं. तिच्या पोटावर हात ठेवून मी घड्याळाकडे बघत बसले. गाडी बंद, रस्त्यावर ट्रकची रांग. आता काही झालं तर हिला कशात घालून नेणार? आणि हे सगळं मी केलंय. दुसरा विचारच येत नव्हता.

पाऊण तास गेला. पोट पुन्हा आवळलं नाही. लेकीचा डोळा लागला.

मी बाहेर आले तेव्हा इंजिन निवलं होतं. गॅरेजवाले तुटलेल्या बेल्टची चिंधी हातात धरून नाकाशी नेत होते.

"साबन कोनी लावला याला?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रागावले नव्हते. उत्तराची वाट बघत होते, एवढंच.

"मीच लावला," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. "रोज लावत होते. आवाज घरात ऐकू जाऊ नये म्हणून."

"आवाज एकच होता का दोन?"

"दोन. आधी ची, नंतर घरघर."

"हां. इकडे या बाय, हात द्या." त्यांनी माझं बोट बेल्टच्या एका चाकावर, पुलीवर ठेवलं. "फिरवा." पुली गुळगुळीत फिरली. मग खालची दाखवली, बेल्ट ताणून धरणारी. ती फिरवताना बोटाला खरखर लागली, मध्येच अडकली, बाजूला डुलली. "बेरिंग गेलीय हिची, आतल्या गोळ्या झिजल्यात. बेल्ट बिचारा तिच्यावर घासून वरडत होता. तुमी त्याचं तोंड दाबलं. वरून साबनाने तो आनखी घसरला, तापून तुटला. स्टेरिंग, बॅटरी, पान्याचा पंप, सगळं त्याच्यावरच चालतं."

"इंजिन गेलं का?" मला विचारवत नव्हतं.

"वेळेवर बंद केली. बघू."

नवा बेल्ट आणि पुली आणायला त्यांनी शेजारच्या दुकानात माणूस पाठवला. तोवर बाकीच्या पुल्या थिनरच्या फडक्याने घासून साबणाचा चिकटा काढला, प्रत्येक हाताने फिरवून कान लावला. पुली बसवली, बेल्ट चढवला, ताण दिला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि मलाही दाबायला लावला. रेडिएटरमध्ये पाणी भरलं. मग म्हणाले, "मारा स्टार्टर."

मी डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि फक्त त्याचा नेहमीचा साधा आवाज आला. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत त्यांनी वीस मिनिटं आम्हाला सोडलं नाही.

घरी पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. एसी बंद, काचा उघड्या. शेजारून प्रत्येक मोटारसायकल गेली की मी दचकत होते. लेक मागून म्हणत होती, "ती घरघर त्याची आहे आई, आपली नाही."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, साबणासकट. त्यांनी ताट बाजूला सारून विचारलं,

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गाडी विकली असती."

"विकलीच असती," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "तू चालवतेस तेव्हा उजवीकडून येणारं मला काही दिसत नाही. एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. मी तुझ्या चुकांना घाबरत नाही गं. मला तिथे पुढे बसायचीच भीती वाटते."

बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून 'भीती' हा शब्द मी ऐकला नव्हता. त्यांच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, ते घातलं.

पाच आठवड्यांनी एका पहाटे लेकीच्या खऱ्या कळा सुरू झाल्या. ह्यांना मी मागे, लेकीजवळ बसायला सांगितलं. तिथून त्यांना रस्ता बघावा लागत नव्हता. लेकीचा हात धरून ते प्रत्येक कळ सरेपर्यंत मोठ्याने आकडे मोजत होते, आणि मी घाबरत घाबरत, दुसऱ्या गिअरमध्ये, हॉस्पिटलपर्यंत गाडी नेली.