पाण्यातली दोन ढेकळं

रंगमंचावर चाळीस वर्षं मी भीतीचं सोंग केलं. हात थरथरवले, आवाज चिरका केला, टाळ्या घेतल्या. खरी भीती पाहिली ती यंदाच्या वैशाखात, नागपूरकडच्या खाप्याजवळ, अंजनाबाईच्या वावरात. तिचे हात स्थिर होते. ती फक्त सारखी पश्चिमेच्या धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे बघत होती. तिथे आरावाला झाडं कापायच्या मशीनमध्ये तेल भरत होता.

अंजनाबाई पूर्वी आमच्या नाटक मंडळीत कपडेपट सांभाळायची. राणीचा फाटलेला शालू ती अशी शिवायची की राणीलाही पत्ता लागत नसे. लग्नानंतर ती खाप्याला गेली. तिने आणि नवऱ्याने, गोविंदाने, त्या धुऱ्यावर बावीस कडुनिंब लावले, उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा अडावा म्हणून.

गोविंदा गेला. मुलगा अश्विन नागपुरात, हुडकेश्वरला राहतो. कचेरीत कारकून आहे. तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, झाडांच्या सावलीत पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, दोन ओळी खुरटतात. अंजनाबाईने होकारार्थी मान हलवली आणि अकरा झाडं गेली. त्या वर्षी दोन ओळी खरंच तरारल्या. दोघंही खूश झाली. पण पुढे त्या अर्ध्या वावरातली वरची माती वाऱ्याबरोबर उडू लागली. पाऊस पडून गेला की जमिनीवर पापुद्रा धरायचा आणि अंकूर आतच गुदमरायचे.

तरी अश्विनने उरलेल्या अकरांसाठी आरावाला आणला होता.

"काहून भिऊन राहिली वं माय? झाडं काय तुले पोसून राहिली?"

"मंग तू पोसून राहिला का मले?"

"दादा, तुम्ही तरी सांगा हिले."

"पाठ नसलेला संवाद मी बोलत नाही, बाबा," मी म्हणालो.

अंजनाबाईने काचेचे दोन गिलास पाण्याने भरले. पेरणीआधी तिची सासू असंच करायची: कोरडं ढेकूळ पाण्यात सोडायचं आणि बघत बसायचं. तिने एक ढेकूळ उघड्या भागातून आणलं, एक झाडांच्या आडोशातून.

"हे झाडाखालचं मी आजवर टाकलं नाही, अश्विन. तेही विरघळलं तर मंग काय राह्यलं, याचं भेव वाटे."

पहिलं ढेकूळ पाण्यात पडलं, फसफसलं आणि बघता बघता गाळ झालं. दुसरं टाकताना तिने डोळे मिटले. बुडबुडे आले. ढेकूळ मात्र तसंच राहिलं.

"पाला पडते, खाली ओल राह्यते, गांडुळं राह्यते," डोळे उघडून ती हळूच म्हणाली. "म्हणून माती एकमेकीले धरून राह्यते."

अश्विन वाकून गिलासाकडे बघत राहिला. तेवढ्यात धुऱ्यावर मशीन गुरगुरलं.

"बंद कर गा! बंद कर!" तो अनवाणीच पळाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा पहिल्या झाडाचं खोड अर्ध्यापर्यंत चिरलं होतं. आरावाला ओशाळून म्हणाला, "मले कोणी थांब म्हटलं नाही ना, भाऊ."

दोरखंड आणून आम्ही ते झाड शेजारच्या झाडाला आवळून बांधलं. दुपारचा वारा चढू लागला. चिरेतून लाकूड करकरलं. अंजनाबाईने अश्विनचा दंड धरला.

"मागं सर, बाबू."

तो सरला नाही. दोन्ही हातांनी दोर धरून उभा राहिला.