धोडी सरांची सुट्टी

"राऊत सर, उठा. खुर्चीला मुळं फुटतील."

धोडी सरांनी मला उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. तलासरीच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम तासभर झाला होता. डहाणूहून येताना एसटीने हाडं खिळखिळी केली होती, म्हणून शिक्षकखोलीतली पंख्याखालची खुर्ची मी आधी हेरली होती. समोर घामाने निथळणारा एक काटक माणूस हसत उभा. हे आमचे खेळाचे सर. रोज वेवजीहून पळत शाळेत यायचे. पाठीवरच्या पिशवीत शाळेचे कपडे आणि भाकरीचा डबा. घरी मोटारसायकल होती, पण ती सुनंदावहिनी चालवायच्या. नवरा पुढे पळतोय आणि बायको मागून गाडीवर बाजाराला चाललीय, हे दृश्य वेवजीच्या रस्त्याला नवं नव्हतं.

मी बसण्यात पटाईत, ते पळण्यात. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. "पाय थांबला का गंज धरतो," असं ते म्हणायचे. "मग मी भंगारात निघालो म्हणा की," असं मी म्हणायचो. पोरांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. मैदानावर कुणी मागे पडलं, तर पुढे गेलेले सर उलटे फिरायचे आणि त्या पोराच्या बाजूने पळत यायचे. "शेवटाला कोणी एकटा नाय राहायचा," हा त्यांचा नियम. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर पहाटे पळणाऱ्या मंडळींचा एक गट होता. त्यात चिकूच्या वाड्यांचे मालक होते, दुकानदार होते. एका रविवारी धोडी सर त्यांच्यात सामील झाले आणि सगळ्यांना मागे टाकून गेले. मंडळींनी कौतुकाने त्यांना बूट घेऊन दिले, हातात घड्याळ बांधलं आणि मुंबईतल्या एका शर्यतीत नाव घातलं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पळायची शर्यत. "आपल्या पाड्यावरून आजवर कोणी गेला नाय, राऊत सर," ते म्हणाले. डोळे लखलखत होते. त्या दिवसापासून ती शर्यत त्यांच्या मानगुटीवर बसली.

सकाळचं पळणं होतंच, आता संध्याकाळचंही सुरू झालं. रविवारी चारोटीपासून हायवेच्या कडेने घरापर्यंत. विश्रांतीचा वार उरला नाही. घड्याळ म्हणे सांगायचं, आज आराम करा. सर त्यालाच दटावायचे, "याला काय कळतं? स्वतः तं रोज चार्जिंगला लागतं!" आम्ही खूप हसलो होतो.

पण गालफडं बसली. सर्दी आली ती जाईना. डबा अर्धा परत जाऊ लागला. वहिनी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पडवीत येरझाऱ्या घालतात. दमलेला माणूस निजतो ना हो? यांना झोपच नाय." एकदा रांग वाकडी झाली म्हणून सर पोरांवर असे ओरडले, की सगळं मैदान गप्प झालं. मग स्वतःच खजील होऊन माझ्याजवळ येऊन बसले. धोडी सर आपणहून बसले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

चैत्रातल्या एका रविवारी, विवळवेढ्याच्या देवीची जत्रा भरलेली असताना, ते भर उन्हात खूप लांब पळून आले. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. मांड्या तं ठणकतायत नुसत्या." शिक्षकखोलीत अशी गोष्ट लपत नाही. सगळ्यांचं एकमत झालं, कावीळ! आमच्याकडे लघवीचा रंग बदलला की दुसरा आजार कुणाला सुचतच नाही. सर गावातल्या जाणत्याकडे गेले आणि काविळीची माळ घेऊन आले. मुळीच्या तुकड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. ती सैल होत होत गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असं समजतात.

तेल-तूप बंद करून उसाचा रस पीत माणूस स्वस्थ पडून राहतो, अशी रीत आहे. पण पडून राहतील तर ते धोडी सर कसले! ते माळ डोक्यावर ठेवून पळाले. पळताना ती साहजिकच भराभर खाली आली. शाळेच्या फाटकातून गळ्यात माळ नाचवत शिरले आणि ओरडले, "बघा, उतरली! पळाल्यावर लवकर उतरते!" सगळी शाळा हसली. तेही हसले. त्यांचं ते शेवटचं पळणं.

दुसऱ्या दिवशी पायांना सूज आली, लघवी बंद झाली आणि वहिनींनी त्यांना गाडीवर मागे बसवून, ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधून डहाणूला आणलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर त्यांची पापणी खाली ओढून बघत होते. "डोळे पांढरे स्वच्छ आहेत. कसली कावीळ? यांचे स्नायू फुटलेत. अति पळून, उन्हात, विश्रांती न घेता. तोच गाळ रक्तात उतरला आणि मूत्रपिंडं तुंबली." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "शरीर पळताना झिजतं, बाई. भरतं ते झोपेत. यांनी भरायला वेळच दिला नाही." त्याच दुपारी त्यांना वापीला हलवून डायलिसिसवर घेतलं.

जीव वाचला, मूत्रपिंडं मात्र निम्मी-अर्धीच सावरली. पळणं कायमचं बंद, मुंबईची शर्यत राहूनच गेली. शाळेत परतले ते वहिनींच्या गाडीवरून. माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाले, "राऊत सर, बसायचा कसा ते शिकवा. या विषयात तुम्हीच गुरू." मी हसलो आणि पंख्याखालची माझी खुर्ची त्यांना दिली.

त्यानंतर त्यांनी मैदानावर एक नवी गोष्ट सुरू केली. दर गुरुवारी पळणाऱ्या पोरांनी आंब्याखाली आडवं व्हायचं. कुणी चुळबुळ केली की सर म्हणायचे, "निज रे. ही पण प्रॅक्टिसच हाय. ही कोणी मना शिकवली नाय." स्वतः खोडाला टेकून बसायचे आणि झोपलेल्या पोरांवरून नजर फिरवत राहायचे. त्या चेहऱ्यावरची माया अजून आठवते.

तीनेक वर्षांनी मूत्रपिंडांनी पुरती माघार घेतली आणि सर गेले. शोकसभेत आम्ही सगळेच भरभरून बोललो. मुख्याध्यापकांनी घोषणा केली, की सरांच्या नावाने दरवर्षी मोठी दौड ठेवू. टाळ्या पडल्या. तेवढ्यात वहिनी उभ्या राहिल्या. "दौड नका ठेवू," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाने एक दिवस पोरांना निजू द्या."

तेव्हापासून दरवर्षी, सर गेले त्या दिवशी, मैदानावर शिट्टी वाजत नाही. पोरं आंब्याखाली पसरतात. मला बसायला कधी कुणी सांगावं लागलेलं नाही, पण त्या दिवशी मला बसवत नाही. मी उठतो आणि मैदानाला एक फेरी मारतो. हळूहळू, चालतच. धाप लागली की थांबतो, मागे वळून बघतो. शेवटाला मी एकटाच असतो.