समुद्रावरची येळवस

समुद्रावर येळवस करायला गेलो आणि कमरेपर्यंत समुद्रात गेलो.

आमच्या मराठवाड्यातल्या मुरुडच्या स्टँडवर लातूरची गाडी धरताना अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच सांगितलं होतं, "पाय टाकायच्या आधी भुई बघत जा." नॉर्वेच्याही वरच्या बेटावर, संशोधकांच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून निघालेल्या माणसाला हे कशाला? घराण्यात विमानात बसणारा मी पहिला. हुशार म्हणूनच धाडताहेत, अशी माझी पक्की समजूत.

गावी राहिलेल्यांना येळवस सांगायला नको. पुण्या-हैदराबादेत गेलेल्यांच्या पोरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अवसेला सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा मांडतं, मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवलेली अंबील खातं आणि कर्ता माणूस पिकाभोवती अंबील शिंपडत फिरतो. वर्षभर जेवू घालणाऱ्या रानाला एक दिवस आपण वाढायचं.

इथं रान कुठलं? ते सिग्रिदबाईंनी दाखवलं. ह्या आमच्या केंद्राची सुरक्षा बघतात. पहिल्याच एप्रिलात त्यांनी गोठलेल्या खाडीतून बर्फाचा एक ठोकळा काढून उलटा केला, तर बुडाला हिरवट शेवाळ. त्यावर बारीक किडे, किड्यांवर मासे, माशांवर सील, सीलवर अस्वल. सीलची पिलंसुद्धा बर्फावरच्या हिमातल्या बिळात जन्मतात. म्हणजे वावरच की, फक्त पीक खालच्या अंगाला. तेव्हापासून दर येळवसेला माझी अंबील त्या बर्फावर.

पण अलीकडं खाडी वेळेवर गोठेना. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. बिळं ढासळतात, उपाशी अस्वलं किनाऱ्यावर पक्ष्यांची अंडी हुडकत फिरतात. हे सगळं मी रोज वाढता वाढता ऐकत होतो बरं का. तरी यंदा भर दुपारच्या अंधारात, हिवाळ्यात इथं सूर्य उगवतच नाही, डोक्याला टॉर्च बांधून, अंबिलीचा डबा घेऊन निघालो. बाई म्हणाल्या, आधी भोक पाडून जाडी बघू. मी म्हणालो, पंचांग बघितलंय.

बर्फ करकरला आणि मी आत. पाय तळाला टेकले हे नशीब. बाईंनी दोर टाकून मला बाहेर ओढलं. डबा मात्र समुद्रानं ठेवून घेतला. शेगडीपुढं घोंगडीत दात वाजवत बसलो, तरी हसू आवरेना. जिता होतो.

घरी कळवायचा धीर झाला तो एप्रिलात. उशिरा का होईना, खाडीच्या आतल्या टोकाला बर्फ धरला होता आणि त्यावर एक सील पिलासकट पडलेली दिसली. रान अजून पडीक पडलं नव्हतं. जीव भांड्यात पडला. कोणी घर विचारलं की आता मला दोन रानं आठवतात, एक काळं, एक पांढरं. दोन्हींकडं बघूनच पाऊस-थंडीची काळजी लागते.

फोनवर अप्पांना सगळं सांगितलं, हे दोन रानांचंसुद्धा. वाटलं, म्हातारा गहिवरला असंल.

मग म्हणाले, "भुई वळखायची अक्कल न्हाई, म्हनून तर तुला वावरात ठिवला न्हाई. तिकडं धाडला."